आकार गोव्याएवढा, तरी अख्ख्या युरोपातले सायकलवाले इथंच का जातात? मायोर्काची सायकल ट्रिप अशी प्लॅन करतात

इन्स्टाग्राम स्क्रोल करताना एक रस्ता तुमच्या स्क्रीनवर कधी ना कधी येऊन गेला असेल. करड्या चुनखडीचा उघडाबोडका डोंगर आणि त्यावर शेवयांची वेटोळी टाकावीत तसा समुद्रापर्यंत उतरत गेलेला रस्ता. एका ठिकाणी तर हा रस्ता गोल फिरून स्वतःच्याच पुलाखालून जातो. ड्रोनचा शॉट, मागे कुठलं तरी गाणं आणि वळणांवर मुंगीएवढे दिसणारे सायकलवाले. खाली कमेंटमध्ये कुणीतरी मित्राला टॅग केलेलं असतं, "भावा, जायचं का?"

हा रस्ता आहे सा कालोब्राचा. भूमध्य समुद्रातल्या मायोर्का नावाच्या बेटावरचा.

आता "जायचं का?" चं उत्तर "हो" असेल, तर रीलमध्ये न दिसणारी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. हा रस्ता खाली समुद्राशी जातो आणि तिथंच संपतो. पुढे वाट नाही. परत यायचं तर त्याच रस्त्यानं, तेवढाच चढ चढून. सोयेरच्या बंदराकडे जाणारी बोट असते, पण ती हंगाम आणि समुद्राचा मूड बघून चालते, त्यामुळे तिच्या भरवशावर उतरायचं नसतं. थोडक्यात, मजा आधी आणि बिल नंतर.

मायोर्काच्या अख्ख्या ट्रिपचं गणित काहीसं असंच आहे. वर्षभर पैसे साठवून लोक एका आठवड्यासाठी जातात आणि तो आठवडा फसतो तो चुकीचा महिना, चुकीचं गाव नाहीतर चुकीचे गिअर यापायी. म्हणून हे बेट नेमकं काय आहे आणि तिथली ट्रिप कशी आखायची, ते जरा नीट बघू.

गोव्याएवढं बेट, पण हंगाम उलटा

मायोर्का हे स्पेनच्या बालेआरिक द्वीपसमूहातलं सगळ्यात मोठं बेट. क्षेत्रफळ साधारण ३,६४० चौरस किलोमीटर. गोव्याचं आहे ३,७०२. म्हणजे जवळपास सारखंच. राजधानी पाल्मा, आणि बेटाचं पोट भरतं ते पर्यटनावर. इथपर्यंत सगळं ओळखीचं वाटेल.

फरक हंगामाचा. गोवा डिसेंबरात ओसंडून वाहतो, तर मायोर्का जुलै-ऑगस्टमध्ये. जर्मन आणि ब्रिटिश पर्यटकांची विमानांवर विमानं उतरतात आणि किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही. पण ऑक्टोबर सरला की गर्दी पांगते. पूर्वी तर हॉटेलांच्या रांगाच्या रांगा कुलूप लावून बसायच्या. उन्हाळ्यात कमवायचं आणि हिवाळाभर ते पुरवून खायचं, असा कारभार.

ही रिकामी हॉटेलं भरली ती सायकलवाल्यांनी.

सायकलिंग या बेटाला नवीन नव्हतं. फेलानिच गावचा गियेम तिमोनेर हा मोटारसायकलच्या मागे राहून ट्रॅकवर सायकल पळवण्याच्या शर्यतीत १९५५ ते १९६५ या काळात सहा वेळा जगज्जेता झाला होता. पुढे ऐंशीचं दशक संपता संपता माक्स ह्युर्त्सेलर नावाच्या स्विस सायकलपटूनं एक साधी गोष्ट हेरली. तोही याच मोटारसायकलमागच्या शर्यतीतला विश्वविजेता. फेब्रुवारी-मार्चमध्ये जर्मनी, स्वित्झर्लंड, इंग्लंड, डेन्मार्क सगळीकडे बर्फ नाहीतर चिखल असतो. तिथल्या हौशी सायकलपटूला सरावाला जागा नसते आणि इथं तर हॉटेलं रिकामी पडलेली. मग हॉटेलात सायकली ठेवायला खोली, धुवायला नळ, दुरुस्तीला मेकॅनिक, सोबतीला गाइड अशी सोय उभी राहिली. आज उत्तर किनाऱ्यावरच्या कितीतरी हॉटेलांत सायकलींची स्वतंत्र, कुलूपबंद खोली असते आणि सकाळचा नाश्ता सायकलवाल्याची भूक डोळ्यांपुढे ठेवूनच मांडलेला असतो.

व्यावसायिक टीमही इथंच तयारीला येतात. २०१२ ची टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ब्रॅडली विगिन्सच्या टीम स्कायनं हिवाळी सराव याच डोंगरांत केला होता. हंगामाच्या सुरुवातीला, जानेवारीच्या शेवटाला, व्यावसायिकांच्या एकदिवसीय शर्यतींची अख्खी मालिका या बेटावर होते. त्यामुळे तुम्ही धापा टाकत घाट चढत असताना शेजारून टीव्हीवर पाहिलेला एखादा चेहरा आरामात गप्पा मारत पुढे निघून जाऊ शकतो. वाईट वाटून घ्यायचं नाही.

एकाच बेटावर तीन वेगळे रस्ते

मायोर्का सायकलवाल्यांना आवडण्याचं खरं कारण मात्र भूगोलात आहे.

बेटाच्या वायव्य कडेला त्रामुन्तानाची डोंगररांग आहे. तिथल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतीमुळे आणि पाणी अडवण्याच्या जुन्या पद्धतींमुळे युनेस्कोनं २०११ मध्ये तिला जागतिक वारसा यादीत घेतलं. सगळ्यात उंच शिखर पुच माजोर, १,४०० मीटरच्या वर. माथ्यावर लष्कराचं ठाणं असल्यानं तिथं जाता येत नाही, पण त्याच्या कुशीतून जाणारा घाटरस्ता सगळ्यांना खुला आहे. एमए-१० नावाचा हा रस्ता नैऋत्येच्या आंद्राचपासून ईशान्येच्या पोयेन्सापर्यंत जवळजवळ अख्खी डोंगररांग पालथी घालतो.

मधोमध सपाट मैदान. बदामाची झाडं, दगडी कुंपणं, पवनचक्क्या आणि सिनेउ, पेत्रा अशी शांत गावं. या गावांना जोडणाऱ्या अरुंद डांबरी वाटांवर गाड्या मोजक्याच. पेत्राच्या चौकात दुपारी जाल तर खुर्च्या कमी आणि भिंतीला टेकलेल्या सायकली जास्त. पूर्वेला पुन्हा बुटक्या टेकड्या.

म्हणजे एकाच हॉटेलात राहून एक दिवस घाट, दुसऱ्या दिवशी सपाटी, तिसऱ्या दिवशी समुद्रकाठ. नवरा घाटवेडा आणि बायकोला निवांत फिरायचंय, किंवा नेमकं उलट, तरी भांडण न होता संध्याकाळी दोघं एकाच टेबलावर जेवू शकतात. आल्प्समध्ये हे जमत नाही. तिथं हॉटेलातून बाहेर पडलं की चढच.

जायचं कधी?

मार्च ते मे, नाहीतर सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर. बाकी महिन्यांचा मोह टाळलेला बरा.

फेब्रुवारीत बदाम फुलतात आणि बेट देखणं दिसतं, पण डोंगरात गारठा असतो आणि एखाद्या वर्षी शिखरांवर बर्फही पडतं. एप्रिलमध्ये दुपारचं तापमान विशीच्या आसपास असतं, सायकलला याहून चांगली हवा नाही. मे थोडा गरम, दिवस मोठा. जुलै-ऑगस्टमध्ये पारा तिशीच्या वर आणि रस्त्यावर भाड्याच्या गाड्यांची रांग. "आम्हाला काय उन्हाचं, आम्ही विदर्भातले" असं कुणी म्हणेल, पण सावली नसलेल्या चुनखडीच्या घाटात तापलेल्या दगडाची धग दोन्हीकडून लागते आणि मागं हॉर्न वाजवणारी बस असते. ऑक्टोबरात समुद्र अजून कोमट असतो, पोहता येतं, पण शरद ऋतू हाच तिथला पावसाचा काळ. पाऊस आला तर एकदम मुसळधार येतो.

आणखी एक तारीख बघून ठेवायची. एप्रिलच्या शेवटी 'मायोर्का ३१२' नावाची मोठी राइड असते. नावाप्रमाणे ३१२ किलोमीटर, एका दिवसात. सुरुवातीला ती बेटाला वळसा घालणारी होती, आता मार्ग बदललाय, पण आकडा तोच ठेवलाय. २२५ आणि १६७ किलोमीटरचे छोटे पर्यायही आहेत आणि त्यासाठी रस्ते गाड्यांना बंद ठेवतात. भाग घ्यायचा असेल तर नावनोंदणी लगेच भरते. भाग घ्यायचा नसेल तर तो आठवडा टाळा, कारण तेव्हा उत्तरेकडची हॉटेलं महाग आणि भाड्याच्या सायकली गायब.

राहायचं कुठं, यावर अर्धी ट्रिप ठरते

पहिल्यांदा जाणाऱ्यांपैकी अनेकजण विमानतळ जवळ म्हणून पाल्माच्या बाजूला राहतात. शहर सुंदर आहे, त्यात वाद नाही. पण प्रसिद्ध घाट तिथून लांब पडतात आणि रोज सकाळी शहराच्या ट्रॅफिकमधून वाट काढावी लागते.

सायकल हेच मुख्य काम असेल तर उत्तरेचा किनारा सोयीचा : पोर्ट दे पोयेन्सा, अल्कुदिया किंवा प्लाया दे मुरो. इथून फोर्मेन्तोरचं टोक जवळ, सा कालोब्रा एका दिवसात जाऊन येण्यासारखं आणि मैदान तर दारातच. विमानतळावरून गाडीनं तासाभराचा रस्ता.

तिसरा पर्याय सोयेर. संत्र्यांच्या बागांचं गाव, पाल्माहून तिथं जाणारी १९१२ सालची लाकडी डब्यांची गाडी अजूनही धावते. पण हे गाव डोंगरांच्या वाटीत बसलंय, त्यामुळे कुठंही जायचं तर आधी चढ. गुडघे चांगले असतील त्यांनीच इथं मुक्काम करावा. इथल्या बोगद्यात सायकल नेता येत नाही, आणि ते एका अर्थी बरंच झालं. गाड्या सगळ्या बोगद्यातून जातात आणि जुना नागमोडी खिंडीचा रस्ता जवळपास सायकलवाल्यांच्याच नावावर राहतो.

आपली सायकल न्यायची की तिथं भाड्यानं घ्यायची?

भारतातून जाणाऱ्यासाठी उत्तर बहुतेक वेळा एकच : भाड्यानं.

भारतातून पाल्माला थेट विमान नाही. मधे एक-दोन ठिकाणी विमान बदलावं लागतं आणि प्रत्येक बदलीत सायकलची पेटी मागं राहण्याची, आपटली जाण्याची भीती असते. आठवड्याच्या सुट्टीतले दोन दिवस पेटीची वाट बघण्यात गेले तर राहिलं काय? मायोर्कात चांगली कार्बन सायकल आठवड्याला साधारण १५० ते ३०० युरोत मिळते, मॉडेल आणि महिन्यानुसार आकडा हलतो. मात्र एप्रिलसाठी बुकिंग महिना-दोन महिने आधी करायचं, नाहीतर तुमच्या मापाची सायकल मिळत नाही.

नेताना तीन गोष्टी सोबत न्याव्यात : स्वतःचे शूज, पेडल आणि हेल्मेट. सीटची सवय फारच पक्की असेल तर सीटसुद्धा. आणि घरच्या सायकलची मापं मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवायची. सीटची उंची दोन सेंटिमीटर चुकली तर तिसऱ्या दिवशी गुडघा सांगतो.

आता एक गोष्ट जी दुकानदार विसरतो आणि रीलवाला सांगत नाही. भारतात सायकलचा पुढचा ब्रेक सहसा उजव्या हाताला असतो. स्पेनमध्ये तो डाव्या हाताला. आयुष्यभराची सवय म्हणून उतारावर डावा हात गच्च आवळला, तर मागच्याऐवजी पुढचं चाक अडतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. ब्रिटिश गिऱ्हाईक सारखं येत असल्यानं दुकानदारांना हा प्रश्न ठाऊक असतो. सायकल घेतानाच "ब्रेक उलटे करून द्या" म्हणायचं, बरेचजण करून देतात. नाहीच झालं तर पहिले दहा किलोमीटर सपाटीवर नुसता ब्रेकचा सराव करायचा. घाटात नाही.

गिअरचं गणित (दोन मिनिटं द्या, गुडघे वाचतील)

सा कालोब्राचा परतीचा चढ सुमारे ९.४ किलोमीटर आहे आणि सरासरी ७ टक्के. ७ टक्के म्हणजे दर १०० मीटर पुढं गेल्यावर ७ मीटर वर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण एकूण उंची होते ६७० मीटरच्या आसपास आणि मधे एकही सपाट तुकडा धडसा मिळत नाही.

समजा पुढं ३४ दात्यांची छोटी चकती आणि मागं ३२ दात्यांची सगळ्यात मोठी. पेडल एकदा पूर्ण फिरवलं की सायकल साधारण सव्वादोन मीटर पुढं जाते. मिनिटाला ७० वेळा पेडल फिरवलं तर वेग ताशी ९.४ किलोमीटरच्या आसपास येतो. म्हणजे अख्खा चढ बरोबर एका तासात. चांगल्या हौशी सायकलपटूसाठी ही ठीकठाक वेळ आहे.

पण भाड्याच्या सायकलला मागची मोठी चकती २८ चीच असेल तर? तोच वेग ठेवायला पाय फक्त ६१ वेळा फिरतात, म्हणजे प्रत्येक वेळी पेडल जास्त जोरानं दाबावं लागतं. तासभर हे केलं की मांड्या भरून येतात आणि दुसऱ्या दिवशीची राइड गेली. म्हणून बुकिंग करतानाच पुढं ५०-३४ आणि मागं ३२ किंवा ३४ मागून घ्यायचं. यात कमीपणा काही नाही. घाटात हलका गिअर वापरणारा वर पोचून संत्र्याचा रस पीत असतो, तेव्हा जड गिअरवाला अजून तिसऱ्या वळणावर थांबून "फोटो काढतोय" म्हणत असतो.

आता खाण्याचं गणित. स्वार आणि सायकल मिळून ८४ किलो धरले तर एवढं वजन ६७० मीटर उचलायला सुमारे ५५० किलोज्यूल काम होतं. शरीर खाल्लेल्या अन्नातला जेमतेम पाव हिस्सा पायांपर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता. हिशेब केला तर या एका चढाला साडेपाचशे ते सहाशे कॅलरी लागतात. म्हणजे पाच-सहा पोळ्या फक्त ते एक वेटोळं सोडवायला. अख्ख्या दिवसाचा आकडा दोन हजारांवर जातो. भूक लागल्यावर खायचं म्हटलं तर उशीर झालेला असतो. पहिल्या तासापासून थोडं थोडं तोंडात टाकत राहायचं.

सा कालोब्राचा दिवस

१९३२ मध्ये हा रस्ता पूर्ण झाला. बांधणारा अभियंता अंतोनियो पारिएत्ती. फोर्मेन्तोरच्या टोकाकडे जाणारा रस्ताही त्याचाच. डोंगर एवढा उभा की सरळ उतरवणं अशक्य, आणि बोगदा न काढता उंची कमी करायची होती. म्हणून त्यानं २६ तीव्र वळणं घातली आणि एका जागी रस्त्याला २७० अंशांत फिरवून त्याच्याच खालून काढलं. या जागेला स्थानिक लोक 'टायची गाठ' म्हणतात. टाय बांधताना त्याला ही कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. खरी असो वा नसो, वरून बघितलं की पटते.

पोर्ट दे पोयेन्साहून जाऊन-येऊन हा दिवस साधारण ८० किलोमीटरचा आणि सतराशे-अठराशे मीटर चढाचा. आधी खिंड चढून युकच्या जुन्या मठापाशी पोचायचं. तिथून पुढं दगडी कमानींच्या जलसेतूपाशी फाटा लागतो. फाट्यावरून लगेच उतार नाही, आधी थोडा चढ आहे, मग ६८२ मीटर उंचीवरची खिंड आणि मग ते दृश्य.

इथं बहुतेकांची चूक होते ती वेळेची. सकाळी नाश्ता निवांत केला, निघायला साडेदहा वाजले की संपलं. पर्यटकांच्या मोठ्या बस याच रस्त्यावरून खाली जातात आणि काही वळणांवर बसला अख्खा रस्ता लागतो. कड्यांच्या मधून जाणारा एक तुकडा तर इतका अरुंद आहे की समोरून बस आली तर थांबण्यावाचून पर्याय नाही. सातच्या सुमाराला निघून बस येण्याआधी खाली पोचायचं आणि परतीचा चढ ऊन चढण्याआधी उरकायचा.

उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर वेग कमी करायचा, वळणात ब्रेक मोकळा. नजर चाकापुढच्या डांबरावर न ठेवता वळण जिथं संपतं तिथं. आणि बकऱ्यांचं भान ठेवायचं. त्रामुन्तानात त्या मोकळ्या फिरतात आणि रस्ता आपलाच असल्यासारख्या मधोमध उभ्या असतात.

खाली पोचल्यावर दहा मिनिटं पायी गेलं की पारेइस ओढ्यानं कोरलेली घळ समुद्राला मिळते. सायकल लावून तेवढं बघून यावं. मग दोन्ही बाटल्या भरायच्या, काहीतरी खायचं आणि वर बघायचं. निमूटपणे.

या दिवसाला ट्रिपमध्ये चौथ्या दिवसाच्या आधी जागा देऊ नये. पहिल्या दिवशी विमानाचा शीण असतो, अंगात नवी सायकल मुरलेली नसते, रस्त्याची उजवी बाजू डोक्यात बसलेली नसते. दुसऱ्या दिवशी फोर्मेन्तोरचं दीपगृह करावं : जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर, चढ-उतार आहेत पण आवाक्यातले आणि समुद्र दोन्ही बाजूंना. उन्हाळ्याच्या महिन्यांत तिथं खासगी गाड्यांवर वेळेचं बंधन असतं, सायकलला नाही. तिसऱ्या दिवशी मैदानातून पेत्रा. बुधवार असेल तर सिनेउचा आठवडी बाजार वाटेत घ्यावा. सा कालोब्रानंतरचा दिवस पूर्ण विश्रांतीचा किंवा नुसता समुद्राचा. पुच माजोरचा सोयेरकडून येणारा १४ किलोमीटरचा चढ ज्यांना हवा असेल त्यांनी तो शेवटच्या टप्प्यात ठेवावा, आणि सोबत दिवा असू द्यावा, कारण वर अंधारा बोगदा आहे.

एखाद्या दिवशी पाय सुटलेच तर मैदानातून पाल्मा-इंका-मनाकोर अशी रेल्वे आहे, सायकलसुद्धा घेतात. डोंगरात मात्र ही सोय नाही.

उजवी बाजू, दीड मीटर आणि इतर नियम

स्पेनमध्ये वाहनं उजवीकडून चालतात. सरळ रस्त्यावर हे एका दिवसात जमतं. घोळ होतो तो दोन ठिकाणी : कॅफेतून बाहेर पडताना आणि गोल चौकात. तिथले चौक घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतात. पुण्या-मुंबईत वर्षानुवर्षं डावीकडून चालवलेल्या माणसाचं डोकं दमल्यावर परत डावीकडे जातं आणि नेमकं तेव्हाच समोरून काहीतरी येतं. हँडलवर उजवीकडे बाण काढलेली चिकटपट्टी लावायची, हसलं कुणी तर हसू द्यायचं.

बाकी कायदा सायकलवाल्याच्या बाजूनं बराच आहे. ओव्हरटेक करताना गाडीनं किमान दीड मीटर अंतर सोडायचं असतं. दोन सायकलस्वार शेजारी शेजारी चालू शकतात. आणि एक गंमत : गटातला पहिला सायकलवाला गोल चौकात शिरला की अख्खा गट एकच वाहन समजला जातो, गाड्यांनी सगळे जाईपर्यंत थांबायचं असतं. इथल्या चौकात उभं राहून हे वाचणाऱ्याला परीकथा वाटेल.

बदल्यात पाळायचंही आहे. गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं. कानात हेडफोन चालत नाहीत. दारूची मर्यादा गाडीवाल्यासारखीच सायकलवाल्यालाही लागू. महामार्गावर सायकल नाही. आपत्कालीन नंबर ११२.

पोटाचं काय?

शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. 'पा आंब ओली' म्हणजे ब्रेडवर टोमॅटो चोळून ऑलिव्ह तेल घातलेला साधा प्रकार, सगळीकडे मिळतो, फक्त वर हॅम नको म्हणून आधीच सांगायचं. वांगी, बटाटा आणि मिरची टोमॅटोच्या रश्श्यात घालून केलेला 'तुंबेत' भरीताच्या चुलतभावासारखा लागतो. बदामाचा केक तर पोटभर खावा.

पण प्रत्येक बेकरीच्या काचेत दिसणारी, साखर भुरभुरलेली गोल 'एन्साइमादा' घेण्याआधी शाकाहारींनी थांबावं. तिच्या नावातला 'साइम' म्हणजे डुकराची चरबी. कितीतरी जण ती कॉफीबरोबर दोन दिवस आवडीनं खातात आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी अर्थ सांगतं.

कागदपत्रं आणि तयारी

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पण अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो, त्यामुळे एप्रिलची ट्रिप असेल तर डिसेंबरातच कामाला लागावं. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. इथं बारीक अक्षरं वाचायची : काही स्वस्त पॉलिसी सायकलिंगचा अपघात 'साहसी खेळ' म्हणून वगळतात. व्हिसा मिळतो, पण खांद्याचं हाड मोडलं की बिल तुमचं. भाड्याच्या सायकलचा चोरी-नुकसानीचा विमा दुकानात वेगळा मिळतो, तो घ्यावा.

हॉटेलच्या बिलात रात्रीमागे पर्यटन कर लागतो. २०१६ पासून सुरू झालेला हा कर हॉटेलच्या दर्जानुसार आणि हंगामानुसार बदलतो. तो भरताना कुरकुर करण्याआधी हेही माहीत असावं की २०२४ च्या उन्हाळ्यात पाल्माच्या रस्त्यांवर हजारो स्थानिक लोक पर्यटकांच्या गर्दीविरुद्ध उतरले होते. घरं सुट्टीवाल्यांना भाड्यानं दिली जातात, त्यामुळे शिक्षक, नर्स, वेटर यांना राहायला परवडत नाही, ही त्यांची मुख्य तक्रार. सायकलवाला ऑफ-सीझनला येतो, गावातल्या कॅफेत पैसे टाकतो, म्हणून त्याच्यावर राग त्यामानानं कमी. पण वीस-वीस जणांचे गट अरुंद रस्ता अडवून गप्पा मारत जातात, तेव्हा शेतावरून घरी निघालेल्या माणसाचा पारा चढतोच. मागं गाडी आली की एका रांगेत यायचं, जागा मिळताच जाऊ द्यायचं. हात वर करून "बोन दिया" म्हटलं तर समोरूनही येतं.

आणि सराव? पुण्याला सिंहगड आहे, वाईकरांना पसरणी. निघण्याआधी तीन महिने आठवड्यातून एकदा तासभर न थांबता चढायची सवय करायची आणि शनिवार-रविवार लागोपाठ दोन दिवस सायकलवर बसायचं. एका दिवसात १०० किलोमीटर मारणारे पुष्कळ असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी परत त्याच सीटवर बसायला जमतंय का, ते घरीच कळलेलं चांगलं.